फसलेल्याने मौन धरावे काय?

आपल्या जिल्ह्यातील एका लहान मंडळीत उपदेशकाचे काम करणाऱ्या एका बंधूने मजकडे पुढील प्रश्न लिहून पाठविला आहे: "सणाच्या दिवसांत एखाद्या ठकाने विश्वासणाऱ्या मनुष्यास लुबाडिले, तर त्या मनुष्याकडे दोष किती येतो? आणि झाली गोष्ट त्याने चारचौघांत सांगावी, की देवापुढे मन मोकळे करून गप्प राहावे?" प्रश्न दोन ओळींचा आहे, परंतु त्याचे उत्तर देताना मला माझीच एक गोष्ट सांगावी लागणार आहे. ती मी तिच्या ठिकाणी सांगेन.

प्रथम हे पाहू की, ठकास सणाचेच दिवस का आवडतात. आपल्या हिंगोली जिल्ह्यात सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास मोंढ्यात जाते. ज्या घरास वर्षभर उधारीवर दिवस काढावे लागतात, त्या घरात ह्या दोन महिन्यांत रोख पैसा येतो. हिंगोलीच्या दसऱ्यास गावोगावचे लोक लेकराबाळांसह जातात. मागोमाग दिवाळी येते. आणि आपल्या मंडळ्यांत नाताळची वर्गणी, लेकरांचे कपडे, घराची रंगरंगोटी ह्यांची धांदल सुरू होते. हातात पैसा, मनात आनंद, वेळ थोडा, आणि आपल्या माणसांस काही द्यावे ही इच्छा, ह्या चारही गोष्टी एकाच वेळी जुळून येतात. ठकास ह्याहून अधिक काय पाहिजे?

ही गोष्ट आजची नाही. तकोवा येथील मेंढपाळ आमोस संदेष्टा ज्या व्यापाऱ्यांवर कोपला, ते सणाच्या दिवशी दुकान बंद ठेवीत असत खरे. परंतु सण केव्हा सरतो ह्याकडेच त्यांचे डोळे लागलेले असत. कारण सण सरताच माप लहान करणे, वजन जड करणे आणि गव्हाबरोबर भुसा विकणे ही कामे त्यांस पुन्हा सुरू करावयाची होती.

आज मापे बदलली आहेत. गावात कोणी 'दिवाळी फंड' काढितो. दर आठवड्यास थोडे थोडे रुपये भरा, म्हणजे दिवाळीस तेल, साखर, एखादे भांडे आणि वर काही रोख मिळेल असे सांगतो. पुष्कळ ठिकाणी हे काम प्रामाणिकपणे चालते. परंतु जेथे वही एकाच मनुष्याच्या हाती असते आणि पावती कोणाच्याच हाती नसते, तेथे एखाद्या वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर त्या मनुष्याच्या दाराला कुलूप दिसते. मोबाइलवर ओळखीच्या मनुष्याच्या नावाने लग्नपत्रिका येते. ती पत्रिका नसून फोनमध्ये शिरणारे ॲप असते, आणि ते उघडून संमती देताच आपल्या बँकेचे संदेश परक्याच्या डोळ्यांपुढे जातात. कोणी म्हणतो, तुम्हांस बक्षीस लागले आहे, रक्कम घेण्यासाठी आपला पिन टाका. बंधुभगिनींनो, पैसे घेण्यास पिन लागत नाही. तो देण्यासच लागतो. कोणी पोलिसाच्या पोशाखात पडद्यावर येतो आणि तुमची 'डिजिटल अटक' झाली आहे असे दरडावतो. आपल्या देशाच्या कायद्यात अशी अटक नाही.

ह्याहून मोठे व्यवहारही आपण पाहिले आहेत. आपल्याच मराठवाड्यात बीड येथील ज्ञानराधा मल्टिस्टेट ह्या सहकारी पतसंस्थेत पुष्कळ कुटुंबांनी अधिक व्याजाच्या आशेने आयुष्याची पुंजी ठेविली. २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास ठेवी परत मिळेनाशा झाल्या, आणि २०२४ साली संस्थेच्या प्रमुखास अटक झाली. मुंबईत दादर येथे २०२४ साली टोरेस नावाचे जवाहिऱ्याचे दुकान निघाले. खडा विकत घ्या, म्हणजे आठवड्याच्या आठवड्यास पैसे देऊ, असे तेथे सांगण्यात येई. वर्ष सरताना, नाताळ आणि नवे वर्ष ह्यांच्या दिवसांत, आणखी मोठ्या परताव्याचे आमिष दाखविण्यात आले. आणि जानेवारी २०२५ च्या पहिल्याच आठवड्यात ग्राहकांस दारे बंद दिसली. पैसे गमावलेल्यांत भाजी विकणारे होते आणि नोकरदारही होते. ह्या दोन्ही प्रकरणांचा न्याय न्यायालय करील. तो आपला विषय नाही. आपला विषय हिशेबाचा आहे. आठवड्यास शेकडा ६ प्रमाणे पैसा वाढू लागला, तर १,००० रुपयांचे एका वर्षात २०,००० रुपयांहून अधिक होतील. कोणती शेती, कोणते दुकान असे पीक देते? देणारा ते कोठून देईल? मागून येणाऱ्याच्या पिशवीतून काढून पुढच्यास देईल, दुसरे काय? अमेरिकेतील बॉस्टन शहरात चार्ल्स पोंझी नावाच्या मनुष्याने १९२० साली हेच केले. पंचेचाळीस दिवसांत शेकडा ५० नफा देईन असे तो म्हणे, आणि त्याच्यासारखेच इटलीहून आलेले गरीब लोक, आपल्याच माणसावर भरवसा ठेवून, त्याच्या दारी रांग लावीत. काही महिन्यांतच तो तुरुंगात गेला आणि त्यांची पुंजीही गेली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कोणी फसला असे ऐकताच आपण काय म्हणतो? "लोभ नडला." हे वाक्य इतके तयार असते की, ते खरे आहे की नाही हे आपण तपासीतही नाही. लोभाने फसणारे आहेत, हे मी नाकारीत नाही. परंतु राजांच्या दुसऱ्या पुस्तकात नामान सेनापतीची गोष्ट आहे, ती आठवा. तो कुष्ठापासून शुद्ध होऊन आनंदाने घरी चालला होता. अलीशाने त्याची देणगी घेतली नव्हती. तेव्हा अलीशाचा चाकर गेहजी मागून धावत गेला, आणि डोंगराळ प्रदेशातून संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी दोन तरुण आले आहेत, त्यांच्यासाठी धन्याने रुपे आणि वस्त्रे मागितली आहेत, असे खोटेच बोलला. नामानाने मागितल्याच्या दुप्पट रुपे दिले. येथे लोभ कोणाचा होता? नामानास काही मिळवावयाचे नव्हते. त्यास द्यावयाचे होते. परक्याचे नाव, गरजूची गोष्ट आणि धावत आल्याची घाई, ही तीन हत्यारे गेहजीने वापरिली; आणि आजचे ठकही हीच वापरितात. पवित्र शास्त्रात नामानाविरुद्ध दोषाचा एकही शब्द नाही. शिक्षा झाली ती गेहजीस. तेव्हा जो आपले स्वतःचे द्रव्य कृतज्ञतेने किंवा दयेने देऊन फसला, त्यास लोभी म्हणण्याचा अधिकार आपल्यास कोणी दिला?

तथापि दुसरीही एक गोष्ट शास्त्रात आहे. यहोशवाच्या काळी गिबोनचे लोक शिळ्या बुरशी आलेल्या भाकरी, फाटून शिवलेल्या बुधल्या आणि ठिगळे लाविलेले जोडे घेऊन आले, आणि आम्ही फार दूरच्या देशाहून आलो असे म्हणाले. इस्राएलाच्या पुढाऱ्यांनी ती शिधोरी पाहिली, पण परमेश्वराचा सल्ला घेतला नाही. करार केला आणि शपथ वाहिली. तीन दिवसांनी कळले की, हे तर शेजारीच राहणारे लोक आहेत. येथे मात्र शास्त्र पुढाऱ्यांची चूक स्पष्ट नोंदविते. हा भेद का? मला असे वाटते की, नामान आपल्या पिशवीतून देत होता, आणि पुढारी सर्व लोकांच्या वतीने बोलत होते. ज्याच्या हाती दुसऱ्यांचे आहे, त्याने न विचारता विश्वास टाकणे हा भोळेपणा नव्हे. ती कर्तव्यात कसूर होय. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ती चूक झाकून ठेविली गेली नाही. सर्व मंडळीस ती कळली, मंडळीने पुढाऱ्यांविरुद्ध कुरकुर केली, आणि पुढाऱ्यांनी ती ऐकून घेतली.

आता मी माझी गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात मला मोबाइलवर परदेशातील एका 'भगिनी'चा संदेश आला. तिने आमच्या मंडळीचे छायाचित्र कोठेतरी पाहिले होते. ती रोज प्रार्थना पाठवी, आमच्या लेकरांची विचारपूस करी. मग तिने लिहिले की, नाताळासाठी लेकरांस ब्लँकेटे आणि खेळणी, तसेच मंडळीच्या कामासाठी काही परदेशी चलन एका पेटीत घालून पाठविले आहे. पेटीचे चित्रही आले. चार दिवसांनी एका मनुष्याचा फोन आला की, मी दिल्लीच्या विमानतळावरून जकात खात्याचा अधिकारी बोलतो. ८,५०० रुपये भरा, म्हणजे पेटी सुटेल. मी भरले. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, पेटीत चलन सापडले आहे. दंडाचे २४,००० रुपये आज सायंकाळपर्यंत न भरल्यास तुमच्यावर खटला होईल. माझ्यापाशी १३,००० होते. उरलेले ११,००० मी मंडळीच्या नाताळ फंडातून घेतले. पेटी आली नाही. भगिनीचा संदेशही पुन्हा आला नाही.

मी शिकलेला मनुष्य आहे. सेमिनरीत मी गेहजीवर आणि गिबोनकरांवर निबंध लिहिले आहेत. जकात खाते कोणा खाजगी मनुष्याच्या खात्यात पैसे भरावयास सांगत नाही, हे मी विचारले असते तर पोस्टातील बाबूनेही मला सांगितले असते. परदेशातून मंडळीस द्रव्य यावयाचे, तर विदेशी अंशदानाच्या २०१० च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून तो पैसा प्रथम दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच यावा लागतो. पेटीत घालून कोणी पाठवू शकत नाही, हे तर मला ठाऊकच होते. तरी त्या सायंकाळी मला काही आठवले नाही. मी घाबरलो होतो, आणि ब्लँकेटे पांघरलेली लेकरे माझ्या डोळ्यांपुढे होती.

परंतु माझे पाप फसण्यात नव्हते. ते पुढे झाले. मी मेव्हण्याकडून ११,००० उसने घेतले, नाताळाच्या आधी फंडात परत ठेविले, आणि गप्प बसलो. पंचांस कळले नाही. पोलिसांकडे मी गेलो नाही, बँकेस कळविले नाही. मंडळी काय म्हणेल? पुन्हा माझ्या हाती फंड कोण देईल? असा विचार करीत मी नाताळची उपासना चालविली. जानेवारीत सेनगाव तालुक्यातील एक वृद्ध उपदेशक मला भेटावयास आले. बराच वेळ ते इकडचे तिकडचे बोलले, आणि मग त्यांनी आपला फोन माझ्यापुढे धरिला. तीच भगिनी, तीच पेटी, तेच चित्र. माझे पैसे गेल्यानंतर दहा दिवसांनी तिने त्यांस पहिला संदेश पाठविला होता. मुलीच्या लग्नासाठी ठेविलेले ३१,००० रुपये त्यांनी भरले होते.

मी म्हणालो, "काका, पैसे भरण्याआधी मला एकदा विचारावयाचे होते." ते म्हणाले, "पाळकसाहेब, विचारायला येणारच होतो. पण म्हटलं, नाताळच्या धांदलीत तुम्हांला कशाला त्रास द्यावा."

बंधुभगिनींनो, त्या वाक्याने मला जे शिकविले तेच ह्या प्रश्नाचे उत्तर आहे. ठकाने माझे ३२,५०० रुपये नेले, हा त्याचा अपराध. परंतु काकांचे ३१,००० रुपये नेण्यास त्यास माझ्या मौनाचे साह्य झाले. मी पुढल्याच रविवारी उभा राहून दोन मिनिटे बोललो असतो, तर आठवड्याच्या बाजारात ती गोष्ट सेनगावपर्यंत पोहोचली असती. मला माझी अब्रू वाचवावयाची होती, आणि तिची किंमत दुसऱ्या मनुष्याच्या लेकीने भरली. ठक आपल्या लोभावर जगतो असे आपण म्हणतो. त्यापेक्षा तो आपल्या लाजेवर अधिक जगतो. प्रत्येक फसलेले घर दार लावून बसते, म्हणून पुढच्या दारी त्यास नवा मनुष्य म्हणून स्वागत मिळते.

फेब्रुवारीत एका रविवारी उपासनेनंतर मी सर्व सांगितले. एका पंचाने स्पष्ट म्हटले की, पैसा परत ठेविला म्हणून न विचारता उचलल्याची चूक धुतली जात नाही. त्यांचे म्हणणे खरे होते, आणि मी ते मान्य केले. त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एक विधवा आजी उठल्या आणि म्हणाल्या की, घरकुलाचा हप्ता मिळवून देतो म्हणून एकाने माझे ४,००० रुपये नेले, मुलास अजून सांगितले नाही. त्यांच्यामागून आणखी चौघे बोलले. एकाच लहान मंडळीत सहा घरे फसली होती, आणि प्रत्येक घरास वाटत होते की, मूर्ख आपण एकटेच. काकांचे पैसे परत आले नाहीत, माझेही नाहीत. फार उशीर झाला होता.

कोणी विचारील, मग आता आपण प्रत्येकाकडे संशयाने पाहावे काय? नाही. विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. पौलाने यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी जमविली, तेव्हा ती नेण्यास मंडळ्यांनी निवडलेले बंधू बरोबर घेतले, ते अशासाठी की एवढ्या द्रव्याविषयी कोणास बोट दाखविता येऊ नये. पौलावर मंडळ्यांचा विश्वास नव्हता, असे कोण म्हणेल? पावती मागणे, काट्यावरील आकडा पाहणे, वेष्टनावरील किंमत वाचणे, "उद्या सांगतो" असे म्हणणे, ह्यांत प्रामाणिक दुकानदाराचा अपमान नाही. उलट त्याचा प्रामाणिकपणा उजेडात येतो. रागावतो तो कोण हे पाहिले, म्हणजे पुष्कळ कळते. जो म्हणतो, "आजच द्या, आणि कोणास सांगू नका," त्याच्या ह्या दोन अटीच त्याच्याविरुद्ध साक्ष देतात.

तेव्हा ह्या सणांच्या दिवसांत उपदेशकांनी आपापल्या मंडळीत पुढील गोष्टी सांगाव्या, अशी माझी विनंती आहे. पहिली, मंडळीचा कोणताही फंड दोघांच्या सहीशिवाय उचलला जाऊ नये. आमच्या मंडळीत आता तसा नियम आहे, आणि तो सर्वांत आधी मजवरच लागू आहे. दुसरी, पतसंस्था ही बँक नव्हे. बँकेतील ठेवीस एका ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विमा असतो. पतसंस्थेतील ठेवीस तो नसतो. तिसरी, फोनवरून पैसे गेले असे कळताच त्याच घटकेस १९३० ह्या क्रमांकावर कळवावे, आणि बँकेसही सांगावे. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतो. वाटेत असतानाच कळले तर तो अडविता येतो, आणि तासांनी उशीर झाला तर बहुधा हाती येत नाही. जो लाजत बसतो तो हीच मोलाची वेळ दवडितो. चौथी, दुकानदाराने खोटा किंवा सदोष माल दिला, तर १९१५ ह्या क्रमांकावर विचारावे. ऐकले न गेल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करिता येते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, आणि वकील असलाच पाहिजे असेही नाही. बिल मात्र जपून ठेवावे. ह्या कायद्याच्या पूर्वीचा पहिला कायदा १९८६ साली ज्या दिवशी मंजूर झाला, तो दिवस देशात ग्राहक दिन म्हणून पाळितात; आणि तो दिवस आहे २४ डिसेंबर, नाताळाची पूर्वसंध्या. त्या सायंकाळी आपण सर्व एकत्र असतोच. गीतांच्या आधी पाच मिनिटे ह्या गोष्टींस दिली, तर सणास कमीपणा येणार नाही.

आणि पाचवी गोष्ट सर्वांत कठीण आहे. जो उभा राहून "मी फसलो" असे म्हणेल, त्यास कोणी हसू नये. "इतके कसे कळले नाही?" हा प्रश्न विचारण्याचा मोह आवरावा. तो मनुष्य आपल्या घराच्या दारावर उभा राहून पुढच्या घरास जागे करीत आहे. त्यास हसणारा मनुष्य नकळत ठकाची चाकरी करितो.

सारांश, प्रश्न विचारणाऱ्या बंधूस माझे उत्तर असे आहे. फसलेल्याकडे दोष किती, हे प्रत्येकाच्या बाबतीत देव जाणतो. कोठे तो मुळीच नसतो, आणि जेथे दुसऱ्यांचे द्रव्य हाती असते तेथे तो असतो. परंतु कळल्यानंतर मौन धरणे हे मात्र आपल्या हातचे आहे, आणि त्याचा जाब शेजाऱ्याच्या वतीने आपल्यास विचारला जाईल. देवापुढे मन मोकळे करा, अवश्य करा. आणि मग त्याच दिवशी उठून पंचांपुढेही बोला. सेनगावच्या काकांच्या मुलीचे लग्न पुढल्या वर्षी, मंडळीच्या साह्याने, साधेपणाने झाले. मी तेथे गेलो होतो. काकांनी मला पाहुण्यांत पुढे बसविले, आणि जेवणाच्या आधी सर्वांस म्हणाले, "पाळकसाहेब आता ती फोनची गोष्ट सांगतील." मी उठून सांगितली.